टेपवरचा पहारा

आमच्या गावच्या देवळात श्रावणात सात दिवस भजन अखंड चालायचे. अखंड म्हणजे रात्रंदिवस. टाळ थांबला की सप्ताह मोडला. प्रत्येक घराण्याला रोजचे तीन तास वाटून दिलेले असत, त्याला पहारा म्हणत. पहारा धरायचा तो त्या घरातल्याच माणसाने, बाकीच्यांनी मागे म्हणायचे. ज्या घराला माणूस उभा करता आला नाही, त्याचा पहारा पुढच्या पहाऱ्याच्या घराण्याकडे जाई आणि परत मिळत नसे. जमीन गेली तर माणसे कोर्टात जात. पहारा गेला तर कोर्टही नव्हते.

आमच्या शेजारच्या काकांकडे दुपारच्या जेवणानंतरचा पहारा होता. देवाचाही डोळा लागत असावा अशी ती वेळ. पण काकांचा आवाज ऐकला की जेवून लवंडलेली चार-पाच माणसे उठून देवळात येत. संगीतातले आपल्याला कळते असा माझा समज होता. मी शाळेत विज्ञान शिकवी, रेडिओवर मोठमोठ्या बुवांचे गाणे ऐके आणि काका तालात कुठे घसरतात ते काकूंना सांगत असे.

"मास्तरानू, तुमी पेटी वाजवतास?" काकू विचारत.

"नाही."

"मगे चाय पिया."

चीनचे युद्ध होऊन गेल्यावरची ही गोष्ट. त्या साली गावात मतांना तोटा नव्हता. सैन्य कुठे चुकले हे तिठ्यावरच्या हॉटेलात दिल्लीच्या आधी ठरले होते. मे महिन्यात काकांचा एकुलता मुलगा बोटीवरून रजेवर आला. त्याने जपानच्या कुठल्याशा बंदरातून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला होता, आणि हॉटेलाला नवा विषय मिळाला. मुलाने बापाला ओटीवर बसवून अर्धा तास गायला लावले, ते ऐकवून दाखवले आणि यंत्र घरी ठेवून तो पुन्हा बोटीवर गेला.

मिरगानंतर काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र शाबूत होती, आणि तेच वाईट होते. तोंडातून एकच अक्षर निघे: "बा".

सप्ताह जवळ आला. पुढच्या पहाऱ्याच्या घराण्याने काकांच्या तब्येतीची फारच आस्थेने चौकशी सुरू केली. तेव्हा काकू देवळातल्या बैठकीला गेल्या आणि खांबाआडून म्हणाल्या, "आवाज ह्येंचोच आसा, मशिनीत. हे सोता म्होरे बसतले. पहारो आमचोच ऱ्हवाक व्हयो."

"देव काय रेडिओ ऐकता?" एकाने विचारले.

"पंतप्रधानांचा भाषण रेडिओर ऐकलंस, ता खरा मानलंस मां? मगे ह्या कित्याक खोटा?"

"भाषण खरा मानला म्हणान तर चीन आत इलो!"

सगळे हसले. मग देवस्थानच्या मुख्य मानकऱ्यांनी घसा साफ केला. महत्त्वाचे काही बोलायचे असले की ते कचेरीतल्या मराठीत शिरत. "विज्ञानयुगात आपल्या देवस्थानाने मागे राहता कामा नये," ते म्हणाले. असे यंत्र मालवणातल्या देवळांतही नाही, हेही त्यांनी सांगितले. ठराव झाला. यंत्र चालवायचे काम विज्ञानामुळे माझ्याकडे आले.

पहिल्या दिवशी दुपारी जत्रेइतकी माणसे. काका भिंतीला टेकून, डाव्या हातात एकच टाळ घेऊन बसले. टेप सुरू झाली आणि त्यांचा धडधाकट आवाज सभामंडपात घुमला. पहिला अभंग संपल्यावर टेपमधल्या काकांनी मुलाला विचारले होते, "बरो इलो मां रे आवाज?"

"बरो इलो, बरो इलो!" लोक ओरडले. काका अर्ध्या तोंडाने हसले. अर्ध्या तासाने टेप संपली की मी ती उलट फिरवी, तेवढा वेळ गुरव आणि मी टाळ वाजवून सप्ताह जिवंत ठेवत असू.

दुसऱ्या दिवशी मोजकीच माणसे आली. तिसऱ्या दिवशी काका, गुरव आणि मी. कारण साधे होते. काका गात तेव्हा मागे म्हणायला कोणीतरी लागे. यंत्राला कोणी लागत नव्हते. यंत्राने पहारा राखला होता आणि माणसांची झोपही. "बरो इलो मां रे आवाज?" टेपने विचारले. काकांनी मान वळवून रिकाम्या मंडपाकडे पाहिले. गुरव पेंगत होता. मी "हो" म्हणालो, पण माझे मत काकांना पूर्वीपासून ठाऊक होते.

चौथ्या दिवशी काका खाटेवरून उठेनात. काकूंनी सदरा पुढे केला, तो त्यांनी डाव्या हाताने खाली टाकला.

"असा काय करतास? मान जायत आपलो."

"बा."

शेवटी काकूंनी यंत्र माझ्या हाती दिले. "तुमी घेवन जावा. बसले नाय तरी आवाज तेंचोच."

मानकरी हरखलेच. काकांच्या जागी त्यांनी पाट मांडला, त्यावर यंत्र ठेवले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. बघायला पुन्हा दहा-बारा माणसे जमली. मी टेप सुरू केली. "पुढच्या वर्षी आमच्या घराण्याचाही पहारा असाच भरून ठेवू," मानकरी म्हणाले. "एकदा भरला की पिढ्यान्‌पिढ्या काळजी नको."

"मेल्यार सुद्दा चलात!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

काकू तेव्हा दारात उभ्या होत्या. नवे सेल मी त्यांच्या ओटीवर विसरलो होतो, ते घेऊन त्या आल्या होत्या. त्यांनी सेल माझ्या हातात ठेवले आणि सरळ मंडपात शिरल्या. हार काढून पाटावर टाकला, यंत्र उचलले.

"अगो, खंय चललंस? सप्ताह मोडतलो!"

"मोडूंदे. माझो घोव घराक जितो आसा. तेच्या आवाजाक हार कसले घालतास?"

बंद करायचे बटण त्यांना ठाऊक नव्हते. गाणारे यंत्र छातीशी धरून त्या शेताच्या मेरेवरून चालू लागल्या. मागून सेल घेऊन मी. लावणी केलेल्या शेतांवरून काकांचा आवाज घराकडे निघाला होता. देवळात सप्ताह मोडला नाही. पुढच्या पहाऱ्याच्या घराण्यातल्या एकाने टाळ कधीच उचलला होता.

काका खाटेवर उठून बसले होते. काकूंनी यंत्र खिडकीत ठेवले. "मास्तरानू, ह्या बंद करा."

मी बटण दाबले. त्या शांततेत देवळातून दुसऱ्यांचे भजन ऐकू आले. काकूंनी थोडा वेळ ते ऐकले आणि पदराने यंत्रावरचे कुंकू पुसले.

"गेलो मां पहारो?" त्यांनी विचारले.

"गेला," मी म्हणालो.

"बा," काका म्हणाले.

मला काही कळले नाही. काकूंना कळले असावे. त्या पेज आणायला आत गेल्या.