लालबीचा उतार

करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी लालबी होडी चालवते. नवरा गेल्यावर तिनं वल्हं हाती घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली. पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, दुधाच्या किटल्या, कधी एखादी शेळी, सगळं तिच्याच होडीतून जातं.

दोन वर्षांमागं धरण भरलं आणि पंधरा दिवसांत तिच्या होडी लावायच्या उतारावरची वाळू नाहीशी झाली. खालचे दगड उघडे पडले. होडीचा तळ खरवडू लागला, बाया घसरून पडू लागल्या.

"वाळूचोरांचं काम," गाव म्हणालं. लालबीलाही तेच वाटलं. चार दिवस ती काठावर पाळत ठेवून बसली. ना घमेलं दिसलं, ना ट्रॅक्टर. वाळू मात्र कमी होतच होती.

पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, लाटा सरळ येतच नाहीत. मावळतीच्या वाऱ्यानं त्या काठावर तिरक्या चढतात आणि पाणी परततं ते सरळ खाली. तिनं विटेचे लाल तुकडे पाण्याच्या कडेला टाकले. दुपारपर्यंत ते तीस पावलं उगवतीला सरकले होते.

"चोर तर वारा हाय की!" ती एकटीच हसली.

मग उताराच्या उगवतीकडं तिनं काठापासून पाण्यात दगडांची ओळ घातली. महिन्याभरात ओळीच्या अलीकडं वाळू साचली, उतार पुन्हा मऊ झाला.

तिथून हाकेच्या अंतरावर, उगवतीलाच, बिभीषण मासे उतरवायचा. एका सकाळी तो तणतणत आला.

"भाबी, तुमची वाळू आली, माजी गेली. माज्या हितं नुसता चिखल राहिलाय!"

लालबीला राग आला. एकेक दगड तिनं डोक्यावर वाहिला होता. पण जाऊन बघितलं, तर तो खरंच बोलत होता.

"व्हय भाऊ. तुमच्याकडं जायची वाळू मीच अडवली. चला, टोकाचे दगड काढू."

"आन् तुमचा उतार?"

"थोडी मला ऱ्हाईल, बाकीची तुमाला. बघू की."

दोघांनी मिळून ओळ निम्मी केली. पुढच्या पंधरवड्यात वाळू टोकाला वळसा घालून बिभीषणाकडं पोचली. लालबीचा उतार अरुंद झाला, पण टिकला.

यंदा पलीकडच्या गावानं तिला बोलावलंय, तिथलाही काठ धुपतोय.

"दगड आत्ताच न्यायचे का?" बिभीषणानं विचारलं.

"न्हाय. आदी चार दिवस बसून बघू," लालबी होडी ढकलत म्हणाली. "तितला वारा येगळा असतोय."