आधी तुहा फोटो दे

सुमेध वासनिक बावीस वर्षांपासून पांढुर्ण्यात फोटो काढतो. बसस्टँडमागे त्याचं एका खोलीचं दुकान आहे. लग्नं, बारशी, अर्जाला लागणारे फोटो, सगळी कामं तो घेतो. पण जीव रमतो तो माणसांच्या चेहऱ्यांत. गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनासाठी संत्री तोडणाऱ्या बायांचे फोटो काढायचं त्याच्या मनात आलं आणि गळ्यात कॅमेरा अडकवून तो तिगावजवळच्या एका बगिच्यात गेला.

बाया झाडाखाली बसून संत्री निवडत होत्या. त्याला पाहताच एकीनं तोंडावर पदर ओढला, मग दुसरीनं. साठी उलटलेली पंचफुला घागरे तेवढी त्याच्याकडे पाहत राहिली.

"काहाले पायजे फोटो?"

"प्रदर्शनात लावाले, मावशी. तुमचा चेहरा लय चांगला येईन."

"असाच गोड बोलला होता तो बी."

तो म्हणजे कोण, ते तिची सून तृप्ती हिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेचं नाव सांगत एक माणूस गावात आला होता. प्रत्येक बाईसमोर मोबाईल धरून त्यानं डोळ्यांची उघडझाप करायला लावली. पुढे त्याच फोटोवर पंचफुलाच्या नावानं चार सिमकार्डं निघाली, त्यातल्या एकावरून कोणाला तरी फसवलं गेलं, आणि परराज्यातले पोलीस तिच्या दारात आले. तिचा त्यात हात नाही हे सिद्ध व्हायला तीन महिने गेले. तेवढ्या दिवसांत शेजारणीही तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या होत्या.

सुमेधनं आपलं ओळखपत्र दाखवलं, दुकानाचं कार्ड दिलं. पंचफुलानं दोन्ही उलटून पाहिली.

"कार्ड त्याच्याजवळ बी होतं. आधी तुहा फोटो दे. पळाला तं पोलिसाले दाखवाले बरा."

सुमेध हसला. ती हसली नाही. तृप्तीनं मोबाईल काढला, त्याला उन्हात उभं केलं, मान वर करायला लावली. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. सगळ्या बाया पदराआडून पाहत होत्या.

"दाखवा बरं," फोटो निघाल्यावर तो म्हणाला.

"तुले काहाले? राहू दे आमच्याजवळ," पंचफुला म्हणाली.

परतीच्या वाटेवर तो बेचैन होता. आपला फोटो कुठे जाईल, कोणाला दाखवतील, काय सांगतील? आजवर हजारो माणसं त्याच्यासमोर बसली होती. त्यांचे फोटो पुढे कुठे जातात, हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी सुनेला घेऊन पंचफुला दुकानात आली. येण्याआधी तिनं समोरच्या चहावाल्याला मोबाईलमधला फोटो दाखवून चौकशी केली होती. आत भाऊराव नावाचे एक म्हातारे बसले होते. तिनं सरळ त्यांनाच विचारलं, "या माणसाले ओळखता का जी?"

"ओळखतो न. माह्या मायचा शेवटचा फोटो यानंच काढला. माय उठत नव्हती, तं घरी येऊन दिवसभर बसला होता तिच्याजवळ."

पंचफुला तासभर बाकावर बसून सुमेध कोणाशी कसा बोलतो ते पाहत राहिली. मग उठली.

"काढ. एकच. अन् डोये मी मिटणार नाही."

फोटो काढून सुमेधनं तो कॉम्प्युटरवर उघडला. लेन्समध्ये इतकं रोखून आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"मावशी, हा प्रदर्शनात लावू द्या."

"नाही. कागदावर काढून मले दे, अन् तुह्याजवळचा मिटवून टाक."

त्यानं प्रिंट दिली आणि कॅमेऱ्यातला फोटो मिटवला. तृप्तीनं तपासून मान हलवली. दोघी दारापर्यंत पोचल्या, तेव्हा सुमेधला राहवलं नाही.

"थांबा, मावशी. कॉम्पुटरात अजून एक राहिला हाये."

तोही त्यानं तिच्यासमोर मिटवला. पंचफुला त्याच्याकडे पाहत होती.

"हे आमाले समजलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं समजलं."

प्रिंट पदराखाली धरून ती गेली. सुमेधनं त्या वर्षी प्रदर्शनाला काही पाठवलं नाही.

महिन्याभरानं तृप्तीचा फोन आला. "सासूबाई तुमाले जेवाले बोलावून राहिल्या. कॅमेरा आणला तं चालते म्हणतात."

"फोटो काढू देतील का?"

"ते काही सांगून नाही राहिल्या."

रविवारी सुमेध तिगावला निघाला.