सोमवारी मरणारे झिंगे

"मॅडम, आज परत एक गेला," राधिका फोनवर म्हणाली.

मी तेव्हा अंबाजोगाईत एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममधला टँक धूत होते. एक हात कोपरापर्यंत पाण्यात, दुसऱ्या हातात फोन.

"कोण गेला?"

"झिंगा. आणि दोन गोगलगायी काचेवरून खाली पडल्यात. हलत नाहीत."

"आणि मासे?"

"मासे एकदम चांगले आहेत. खायला मागतायत."

माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. पाणी खराब असेल तर आधी मासे वर येऊन तोंड उघडतात, सुस्त होतात. इथं मासे मजेत आणि बाकीचे पटापट मरत होते. त्यातून दिवस सोमवार. मागचा झिंगाही सोमवारीच गेला होता.

मी मत्स्यशास्त्र शिकलेली. चौदा वर्षं झाली, लोकांच्या घरचे, दवाखान्यांतले फिश टँक बसवून द्यायचे आणि सांभाळायचे, हेच काम करते. आमच्या बीड जिल्ह्यात बहुतेक टँक गोड्या पाण्याचे. खाऱ्या पाण्याचा मी एकच बसवला होता, परळीत, विश्वनाथअप्पांच्या घरी. अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान. पितळ, तांबं, स्टील, सगळं. वय साठीच्या पुढं, बोलणं मोठ्या आवाजात.

राधिका त्यांची सून. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर ती कुणाशी बोलेना. पुण्याला एका नातेवाइकांकडं खाऱ्या पाण्याचा टँक होता, त्याच्यासमोर ती तासभर उभी राहिली, हे अप्पांनी पाहिलं आणि परत आल्यावर मला फोन केला.

"मॅडम, आपल्या परळीत समुद्र व्हईल का?"

"होईल अप्पा. पण रोज बघावं लागेल."

"बघणारं माणूस हाय," ते म्हणाले.

तर तो समुद्र कसा करतात, ते थोडक्यात सांगते. बोअरचं पाणी चालत नाही, त्यात क्षार फार. ते आरओ मशीनमधून काढायचं, म्हणजे जवळजवळ कोरं पाणी मिळतं. ते एका ड्रममध्ये भरायचं, त्यात टँकसाठी मिळणारं खास मीठ घालायचं, छोट्या पंपानं रात्रभर ढवळत ठेवायचं. असा ड्रम भरून तयार ठेवायचा आणि दर रविवारी टँकमधलं थोडं जुनं पाणी काढून हे नवं घालायचं. राधिका हे सगळं स्वतः करायची. वहीत तारीख, मिठाचं वजन, तापमान लिहायची. महिनाभरातच ती मला फोनवर प्रश्न विचारायला लागली, मधेच हसायलाही लागली.

आणि तिसऱ्या महिन्यात हे मरण सुरू झालं.

त्या दिवशी दुपारीच मी परळीला गेले. आधी आरओच्या पाण्याचा टीडीएस बघितला. टीडीएस म्हणजे पाण्यात किती काय विरघळलंय त्याचा आकडा. तो जवळजवळ शून्य. मग खारेपणा मोजला, बरोबर. अमोनिया नाही, नायट्रेट थोडं, ठीक. मीठ कंपनीच्या बंद बादलीतलं.

"खिडकीतून राख येते का इथं?" मी विचारलं. परळीत वीज केंद्राची राख उडते, खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं तर ते काळंच होतं.

"झाकण असतं मॅडम. आणि मी रोज पुसते."

झाकण होतं आणि काचही पुसलेली होती. मला काहीच सापडलं नाही. मी आपलं सांगितलं, पुढचे दोन रविवार पाणी मी आणते. माझ्या दुकानात मिसळून, जेरीकॅनमध्ये भरून, स्वतः ओतीन.

दोन्ही रविवारी मी पाणी ओतलं. नवे झिंगेही सोडले. सोमवारी कुणी मेलं नाही. मंगळवारीही नाही. मला हायसं वाटलं. तिसऱ्या रविवारी राधिकानं घरचं पाणी घातलं. सोमवारी सकाळी एक झिंगा उलटा पडलेला.

माझ्या प्रयोगाचा अर्थ त्या घरात काय निघाला, ते मला पुढच्या खेपेला कळलं. मी टँकपाशी वाकले होते. अप्पांच्या पत्नी गंगाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक बोलू का? तुमी पानी घातलं की समदं जगतंय. हिनं घातलं की मरतंय. आता ह्याच्यात काय समजायचं ते समजा. म्या तर म्हनते, हिनं पान्याला हात लावूच नाही."

राधिका स्वयंपाकघराच्या दाराशी होती. तिनं ऐकलं. मी तिच्या हातांकडं बघितलं. बोटांची कातडी फुटली होती.

"हे काय झालं?"

"धुते ना. पाण्याला हात लावायच्या आधी दहादा धुते. साबण राहू नये म्हणून गरम पाण्यानं परत. मॅडम, खरं सांगा, माझंच काही चुकतंय का?"

आकडे तिच्या विरोधात होते. ते मीच जमवले होते. मी "बघू" म्हणाले आणि परतताना रस्ताभर मला त्या एका शब्दाची लाज वाटत राहिली.

मग माझा संशय ड्रमवर आला. पाणी साठवायला कुठलाही ड्रम चालत नाही. जुन्या बाजारात निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात आधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. कीटकनाशक, ॲसिड, काहीही. प्लास्टिक ते शोषून घेतं आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू सोडत राहतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला एक छापील कागद देते. ड्रम नवा हवा, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचा हवा, बुडाला त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा दोन आकडा हवा. अप्पांचा ड्रम निळा होता, नवा होता, बुडाला त्रिकोण होता, त्यात दोन होता. मी आत डोकं घालून वास घेतला. कढत पाणी घालून, झाकून, परत वास घेतला. कशाचाच वास नव्हता.

"तरी बदलू," मी म्हटलं. दुसरं सुचत नव्हतं.

अप्पांनी दोन दिवसांत दुसरा आणला. पांढरा, आणखी जाड, आणखी भारी. त्याच्या पुढच्या सोमवारी उरलेला एकुलता झिंगा गेला आणि एक जांभळं कोरल आक्रसून बसलं.

मी पुण्याला फोन लावला. तिथले एक सर मला खाऱ्या पाण्याचं सगळं सामान पुरवतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, कॉपर बघितलंत का?"

"सर, तांबं येणार कुठून? सगळं प्लास्टिक आहे. ड्रम, पाइप, पंप. मी स्वतः बघितलंय."

"बघा एकदा."

"बघितलंय सर."

इतक्या ठामपणे मी बोलले. फोन ठेवल्यावर मात्र चुळबूळ झाली. झिंग्यांना, गोगलगायींना तांब्याचा कणही सोसत नाही. माशांना मात्र थोडं सोसतं, माशांच्या काही औषधांत तांबंच असतं. मासे जगतात, झिंगे मरतात, या लक्षणाचं उत्तर मी कॉलेजच्या परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. पण त्या घरात तांबं नव्हतं, म्हणून ते उत्तर मी बाजूला ठेवलं होतं.

मी तांबं तपासायचं किट मागवलं आणि रविवारी सकाळीच परळीला जाऊन बसले.

"राधिका, तू रोजच्यासारखं कर. मी फक्त बघते. बोलणार नाही."

ती एक एक करत गेली. हात धुतले. खारेपणा मोजला. तापमान वहीत लिहिलं. माझ्यापेक्षा नीट करत होती. मग ड्रमच्या खालची तोटी उघडली आणि बादली तोटीखाली धरली.

तोटीखालच्या पांढऱ्या फरशीवर एक डाग होता. रुपयाएवढा. निळसर हिरवा.

"हे काय आहे?"

"ते होय? तोटी जरा ठिबकते. मी घासते, पण जातच नाही."

मी खाली बसले. तोटी स्टीलसारखी लखलखत होती. आजवर मी तिच्याकडं बघून स्टीलची समजले होते, आणि खरं सांगायचं तर धड बघितलंही नव्हतं. तोटीच्या तोंडात बोट घातलं. बाहेर काढलं तर बोटाला हिरवं.

"अप्पांना बोलाव," मी म्हटलं.

अप्पा दुकानातून आले. चष्मा कपाळावर ढकलला, खिशातली किल्ली काढली आणि तोटीच्या मागच्या बाजूला खसकन ओरखडा मारला. ओरखडा पिवळा आला.

"पितळ हाय. वरनं मुलामा."

"ही कुणी बसवली अप्पा?"

"मीच की. ड्रमसंगं आलेली प्लास्टिकची दोन म्हयन्यांनी गळाया लागली. मंग म्हनलं पोरीला तरास कावून? दुकानातली लई भारीतली आणून लावली."

"पण आपण ड्रम बदलला होता ना?"

"तवा बी मीच काढून ह्याला लावली. तुमी ड्रम बदला म्हनला. तोटीचं कुटं म्हनला?"

नव्हते म्हणाले. माझ्या छापील कागदावर ड्रमच्या सात ओळी होत्या, तोटीची एकही नव्हती. आणि माझं जेरीकॅनचं पाणी त्या तोटीतून कधी गेलंच नव्हतं. ते मी थेट टँकमध्ये ओतत होते. माझ्या हातातही काही नव्हतं आणि राधिकाच्या हातातही काही नव्हतं.

मी अप्पांना समजावायला लागले. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते आठवडाभर बसलं की...

अप्पांनी हात वर केला. "कळकतं. हे मला सांगता व्हय मॅडम? चाळीस वरसं भांडी इकतोय. कल्हई नसलेल्या पितळीत ताक ठिवू नका म्हनून बायांना दुकानात वरडतो मी. मीठ पडलं की तर इचारूच नका." ते पायरीवर बसले. "मलाच कसं सुचलं न्हाई?"

मी किट काढलं. तीन छोट्या बाटल्या. एकीत ड्रममध्ये वरून प्लास्टिकच्या मगानं काढलेलं पाणी, दुसरीत तोटीतून आलेलं, तिसरीत माझ्या दुकानातून आणलेलं. थेंब घातले आणि आम्ही सगळे थांबलो. गंगाबाईही येऊन बसल्या. माझं पाणी तसंच राहिलं. ड्रमच्या वरच्या पाण्याला फिकट रंग आला. तोटीच्या पाण्याचा रंग बघायला चष्म्याची गरज नव्हती.

अप्पांनी ती बाटली बायकोपुढं धरली.

"हे बघ. हिच्या हाताला काय बी न्हाई. समदं माज्या तोटीत व्हतं. म्या मारले झिंगे."

गंगाबाईंनी बाटली घेऊन उजेडात धरली. माफी वगैरे त्यांच्या घरात बोलून दाखवायची रीत नसावी. त्या सुनेकडं वळून म्हणाल्या, "मंग नवे झिंगे कवा आनायचे?"

राधिका माझ्याकडं बघत होती. "म्हणजे मी बरोबर करत होते?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं. "चूक माझ्या कागदात होती."

तिनं मान हलवली, बादली उचलली आणि ते पाणी मोरीत ओतून दिलं. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कुणी तिला हाक मारली नाही.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. प्लास्टिकची तोटी नीट रबर घालून बसवली. ड्रम चार वेळा धुतला. टँकमध्ये कार्बनची पिशवी टांगली, ती पाण्यातलं नको ते ओढून घेते. दर तीन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदललं. जांभळं कोरल गेलंच. किटनं लागोपाठ तांबं नसल्याचं दाखवलं तेव्हाच दीड महिन्यानं दोन नवे झिंगे सोडले.

पंधरा दिवसांनी मी गेले तर घरात गोंधळ. गंगाबाई काचेला नाक लावून ओरडत होत्या, "मेला गं मेला, फिरून मेला." वाळूत खरंच एक झिंगा पडला होता, पांढराफटक.

राधिका हसत होती. "आई, मोजा बघू आत किती फिरतायत."

दोन फिरत होते.

"ते त्याचं जुनं कवच आहे. आता त्याला लहान होतंय म्हणून टाकलंय. म्हणजे वाढतोय तो."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं कुठंतरी वाचलं असावं.

माझा छापील कागद आता दोन पानी झालाय. ड्रमची माहिती पहिल्या अर्ध्या पानात संपते. पुढं तोटी, तिच्या आतली पाणी अडवणारी गोळी, क्लॅम्प, पंपाचा स्क्रू, ढवळायचा दांडा, पाणी काढायचा मग. पाणी ज्याला ज्याला शिवतं ते सगळं. आणि "स्टीलचं आहे" हे उत्तर मी आता मान्य करत नाही, आधी ओरखडा मारून बघते. गिऱ्हाइकं वैतागतात. परवा धारूरचा एक जण म्हणाला, "मॅडम, मी मासे घ्यायला आलोय का नळ?"

"मासे मी दाखवते," मी म्हटलं. "नळ तुम्ही दाखवा."