गोपिकाबाईंचे हात

गोपिकाबाई जालन्यात आमच्या भंगाराच्या यार्डात बावीस वर्षं माल निवडतात. तुकडा उचलला की तांबं की पितळ, हे त्यांना डोळे मिटून कळतं. मी इथला मुकादम. हातमोजे घाला म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला. उत्तर एकच, "मोजे घातल्यावर हाताला काई कळत न्हाई, मुकादम." पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडायचो, त्या हसायच्या.

एके सकाळी बाई स्वतःहून मोजे मागायला आल्या. लेक वर्षाराणी बाळंतपणाला आली होती, तिला मुलगी झाली होती. "नातीला तेल लावून मीच न्हाऊ घालते. हाताला चरे पडले तर तिला टोचतंय."

"बावीस वर्षं माझं ऐकलं न्हाई, अन् आठ दिवसांच्या पोरीचं बराबर ऐकता!" मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी आमचा ट्रक पोलाद कारखान्याच्या फाटकावर अडला. तिथलं किरणोत्सार ओळखणारं यंत्र वाजलं. मालात कुठल्याशा जुन्या यंत्राची, किरणं सोडणारी फुटकी डबी निघाली, आणि ती गोपिकाबाईंनीच निवडून ट्रकमध्ये टाकली होती. यार्ड बंद झालं. बाईंनी राखेनं हात घासून घासून सोलून काढले आणि ओसरीत वेगळं ताट मांडलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पण आजी पाळण्याजवळ फिरकली नाही. शेजारच्या सगुणाबाई बाळाला न्हाऊ घालायच्या, पोर आत रडायची, आणि ह्या बाहेर दाराकडे पाठ करून बसायच्या.

मी भेटायला गेलो. म्हणाल्या, "किरणं दिसत न्हाईत म्हणं. मंग हातावरून गेली, हे मला कोण सांगल?" मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी तपासणीवाले आले. त्यांचा कॅमेरा साध्या चित्रावरच किरणांचे डाग रंगवून दाखवायचा. पडद्यावर आमचं यार्ड दिसलं, आणि निवडायच्या जागी लाल डाग. मग खुंटीवरचे बाईंचे मोजे दिसले. दोन्ही पंजे लालभडक.

बोलावून आणलेल्या गोपिकाबाईंनी हात पुढे धरले. पडद्यावर ते जसेच्या तसे आले, चऱ्यांचे, सोललेले. रंगाचा ठिपकाही नव्हता. तपासणीवाल्यांतल्या मॅडमनी हातातलं छोटं यंत्र बोटाबोटावरून फिरवलं. "स्वच्छ आहेत, आजी."

"अजून एकदा बघा." असं त्यांनी तीनदा बघायला लावलं आणि मगच खाली बसून रडल्या.

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर नात आजीच्या पायांवर पालथी आणि पाठीवर तेलाचे हात फिरताहेत.

"पोट मऊ हाय, अंग कोमट हाय," मान वर न करता त्या म्हणाल्या. "समदं कळून राह्यलंय हाताला, मुकादम."