राखून ठेवलेले केस

आमचं दुकान दोराचं. काथ्या, सुंभ, नायलॉन, होडीचा जाड दोर, आंब्याच्या पेट्या बांधायची सुतळी. गिऱ्हाइकाला हवा तेवढा दोर कापून दिला की शेवटाला हातभर तुकडा उरतोच. तो कोणी विकत घेत नाही, आणि टाकायला आपला जीव होत नाही. मग तो पडतो कोपऱ्यात. काही वर्षांनी बघावं तर हा ढीग!

किश्शांचं अगदी तसंच आहे. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. शिकवता शिकवता जो तो आपला एकेक तुकडा कोपऱ्यात टाकून गेला. परवा त्या ढिगात हात घातला तर मधू घड्याळजीचे तुकडे हाताला लागले. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराचे असतील. म्हटलं, हे एकदा एकमेकांना गाठी मारून ठेवावेत.

* * *

रत्नागिरीच्या बाजारात माझ्या दुकानाला लागूनच मधूचं घड्याळांचं खोपट. समोर दत्ता न्हाव्याचं सलून. मिरकरवाड्याचे इब्राहिम तांडेल दोर घ्यायला येत आणि दोर घेऊन झाला तरी तासभर बसत. एवढीच आमची बैठक.

मधूचं वय तेव्हा पस्तिशीचं, पण टक्कल साठीचं. घड्याळजीचा धंदा मान खाली घालून करायचा. त्यामुळे गिऱ्हाइकाला आधी टक्कल दिसे, मग माणूस! त्यावर उपाय म्हणून कानाच्या वरचे केस वाढवून तो डोक्यावरून पलीकडे नेई आणि तेलानं चिकटवून ठेवी.

एकदा आम्ही बंदरावर गेलो होतो. वारा असा सुटला की मधूच्या केसांची ती झापड उलटली आणि कानाशी फडफडायला लागली. इब्राहिमभाई होडीवरून ओरडले, "मधू, शीड उतरव! वारा फिरला!"

सगळं बंदर हसलं. मधूही हसला. पण त्या दिवसानंतर तो बंदरावर काही आला नाही.

* * *

लोकांना वाटायचं, मधूला मिरवायला केस हवेत. मलाही तसंच वाटे. एकदा दिवाळीचा फराळ द्यायला त्याच्या घरी गेलो तेव्हा खरं काय ते कळलं.

मधूचे वडील, दादा, पडवीत आरामखुर्चीत बसलेले. देखणा म्हातारा, डोक्यावर दाट पांढरे केस. पण आठवण गेलेली. आजचं सगळं विसरायचं, आणि जुनंही जिथं सापडेल तिथंच सापडायचं. मधू दुकानातून आला, चपला काढल्या. तर दादा अर्धवट उठले आणि अदबीनं म्हणाले, "या, बसा. तुम्ही कोणाकडचे?"

सख्ख्या मुलाला ‘तुम्ही’! मी फराळाचा डबा हातात धरून तसाच उभा.

भिंतीवर मधूचा फोटो होता. अठराव्या वर्षी मुंबईला नोकरीला निघाला तेव्हाचा. कुरळ्या केसांचं नुसतं टोपलं! पुढं मुंबईत त्याला टायफॉइड झाला, त्यात केस गेले ते गेलेच. आई वारली तेव्हा तो कायमचा गावी आला. दादा त्या फोटोकडे बोट दाखवून मधूलाच सांगत होते, "हा आमचा मधू. मुंबईस असतो. गणपतीला येईल. तेव्हा या तुम्ही, ओळख करून देईन."

मधू म्हणाला, "येईन हो."

बाहेर पडताना त्यानं मला फाटकापर्यंत सोडलं. म्हणाला, "शेठ, चूक त्यांची नाही. ते ज्याला शोधतायत, त्याला केस आहेत."

* * *

मुंबईत एक डॉक्टर मागचे केस काढून पुढं लावून देतो, ही बातमी आणली आमच्या दत्तानंच. त्याच्या मुंबईतल्या भावानं सांगितलेली. पण मधूनं ती मनावर घेतली म्हटल्यावर दत्ताच धास्तावला.

"नाही जगले म्हणजे रे? मागचेही गेले, पुढचेही गेले!"

मधू म्हणाला, "तू शेती करतोस ना लांज्याला? भाताचा तरवा उपटून दुसऱ्या खाचरात लावतोस. जगतो ना?"

"जगतो. पण आधी मान टाकतो. आणि त्याला पाऊस लागतो. तुझ्या डोक्यावर पाऊस कुठचा?"

त्या दिवसापासून मधूला एकच ध्यास लागला, येतील का? जो भेटेल त्याला विचारी. मला विचारी, इब्राहिमभाईंना विचारी, घड्याळ दुरुस्तीला आलेल्या पोस्टमनला विचारी. आले तर किती येतील? सरळ येतील की कुरळे? आणि कितीसे आले म्हणजे दादा ओळखतील?

या शेवटच्या प्रश्नावर इब्राहिमभाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा थट्टा केली नाही. टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पोरा, जाळं टाकल्याशिवाय मासळी कळते काय?"

* * *

डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सोबत होतो. ते समजावून सांगत होते आणि मधू नुसती मान हलवत होता. शेवटी मी व्यापाऱ्यासारखं विचारलं, "डॉक्टरसाहेब, नमुना बघायला मिळेल?"

त्यांनी फोटो काढून पुढं ठेवले.

मी म्हटलं, "फोटो बघून मी आंबासुद्धा घेत नाही. जिवंत काही असेल तर दाखवा."

डॉक्टर हसले. त्यांनी आपल्या कंपाउंडरला हाक मारली. तो बिचारा आला, खाली वाकला आणि डोकं पुढं केलंन. केस होते खरे! पण झुबक्या-झुबक्यांनी, ओळीत. लावणी करताना हात थोडा लांब लांब पडावा तसे.

मधूनं खिशातून आपलं घड्याळाचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि कंपाउंडरच्या डोक्यावर वाकला. बऱ्याच वेळानं त्यानं भिंग काढलं आणि म्हणाला, "चालू आहे!"

मग डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. लावलेले केस आधी गळून जातात. घाबरायचं नाही. तीन-चार महिन्यांनी नवे फुटतात. नीट दिसायला वर्ष जातं. आणि पहिल्यासारखं रान काही होणार नाही.

"काही विचारायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मधूनं विचारलं, "मध्येच वडील गेले तर? मी थोरला. आमच्याकडं डोकं आणि मिशी, दोन्ही उतरवावी लागतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "इतकी वर्षं हे काम करतोय, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं." मग म्हणाले, "मुळं आत असतात. पण पहिले काही महिने वस्तरा नको."

एस.टी.नं पनवेल गाठलं. तसा मधू खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "केस येतील हो, शेठ. पण ते येईपर्यंत बघणारा हवा ना!"

* * *

डॉक्टरांनी निघताना एक बजावलं होतं. "मागचे आणि कडेचे केस सांभाळा. तेच तुमचं बियाणं."

झालं! मधू ते केस असे सांभाळायला लागला की बायकोनं दागिने तसे सांभाळले नसतील. उन्हाळ्यात मानेला मफलर. डोक्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही. दत्ताकडे केस कापायला बसला की हातात आरसा घेऊन मागं बघत राही.

"अरे, मी चोरतोय काय?" दत्ता वैतागायचा.

"तसं नाही रे. हळू. त्यातून मधू उगवायचाय."

दत्ताची कात्री थांबली. मग त्या दिवशी त्यानं जेवढे केस कापले ते नेहमीसारखे झाडूनं लोटले नाहीत. कागदात गुंडाळून मधूच्या हातात दिलंन!

* * *

ऑपरेशनची तारीख जवळ आली तशी मधूची झोप उडाली. घड्याळं उलटी जुळवायला लागला. एकाच्या घड्याळात दुसऱ्याची काच!

शेवटी मी त्याला बसवलं. म्हटलं, "मधू, माझा धंद्याचा नियम ऐक. ज्याची हमी नाही तो माल घेऊ नये."

तो म्हणाला, "शेठ, तुम्ही मिरकरवाड्याला दोर विकता. वादळात होडी परत येईल अशी हमी देता?"

"नाही बा."

"तरी लोक घेतातच ना?"

मी चहा मागवला.

* * *

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो, सकाळच्या गाडीचं ठरवायला. दादा पडवीत होते. दोन दिवस ते नीट जेवले नव्हते. मधूची बायको सुनंदा पेजेची वाटी घेऊन जवळ बसली होती. दादा तोंड फिरवत होते.

मधू मागीलदारी डोकं धूत होता. तेल काढून स्वच्छ धुऊन या, असं डॉक्टरांचं सांगणं. तो पंचा खांद्यावर टाकून तसाच पडवीत आला. ती केसांची झापड नाही, काही नाही. ओलं, उघडं डोकं. घरातसुद्धा तो असा कधी वावरत नसे.

दादांनी वर बघितलं. बघतच राहिले. मग त्यांचा आवाज आला तो म्हाताऱ्याचा नव्हता, लहान पोराचा होता.

"आप्पा? कधी आलास रे?"

मधू जागच्या जागी थांबला.

आप्पा म्हणजे दादांचा थोरला भाऊ. मला ते नाव ऐकून माहीत होतं. दादा लहान असताना त्यांचे वडील गेले. आप्पानं डोकं उतरवून दिवस केले, तेरावं झालं आणि तशाच गोट्या डोक्यानं तो जयगडहून एका गलबतावर कामाला गेला. ते गलबत परत आलं नाही. आप्पाही नाही.

दादांनी मधूचा हात धरला. "मी आयेला सांगत होतो, येईल म्हणून. कोणी ऐकायलाच तयार नाही! गलबत जयगडास लागलं काय?"

मधूनं माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग तो खुर्चीशेजारी खाली बसला. म्हणाला, "लागलं."

"आता जायचं नाही हां."

"नाही जात."

दादांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कितीतरी वर्षांनी फिरवला असेल! हात कानाशी आला तसा थबकला.

"कडेला वाढलेत रे हे. तू गेलास तेव्हा सगळा गोटा होता." त्यांच्या कपाळाला आठी पडली. डोळ्यांत शंका आली. "आप्पाच ना तू?"

"आप्पाच."

"मग जेव माझ्याबरोबर."

सुनंदानं वाटी मधूच्या हातात दिली. मधूनं भरवलं, दादांनी खाल्लं. मध्येच भिंतीकडे बोट करून म्हणाले, "तो बघ, माझा मधू. गणपतीला येईल. तुला दाखवायचाय."

मी सकाळच्या गाडीचं काही न बोलता उठलो.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा होतो. इब्राहिमभाई मधूला निरोप द्यायला मुद्दाम आले होते. मधू आला तो हात हलवत, पिशवीबिशवी काही नाही. आमच्याकडे न येता तो सरळ समोर दत्ताच्या खुर्चीत जाऊन बसला. मफलर काढून मांडीवर ठेवला.

"दत्ता, सगळं काढ."

"सगळं म्हणजे?"

"मागचं, कडेचं. वस्तऱ्यानं."

दत्ताच्या हातातला ब्रश खाली पडला. बापानं अन्न सोडलेलं असताना कोणी सकाळी येऊन असं सांगतो, तेव्हा कारण एकच असतं. इब्राहिमभाईंनी टोपी सारखी केली आणि मान खाली घातली. मी पायरी उतरून रस्ता ओलांडला.

दत्तानं हात जोडले. म्हणाला, "कधी गेले रे दादा?"

मधू आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाला, "कोणी गेलं नाही, दत्ता. आप्पाकाका आलाय. दादा जेवायचे थांबलेत, लवकर कर. आणि मिशीला हात लावू नकोस!"