शैलाने दिलेला मोगरा

परवा माळ्याने कुंड्यांना गेरू लावला आणि त्या ओल्या वासाने मला पन्नास वर्षं मागे, धरमपेठेतल्या आमच्या व्हरांड्यात नेलं. शेजारची शैला, माझी जिवाची मैत्रीण, म्हणाली होती, "उद्या मले पाहाले येऊन राहिले वं. तुह्या कुंड्या दे ना एक दिवस." मी सहाही कुंड्या गेरूने रंगवल्या, पानं पुसली आणि तिच्या दारात मांडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी शैलाच्या स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तर मुलाची आई माझ्या कुंडीतल्या मोगऱ्यावर वाकली होती. "कोणी वाढवला हा?"

"मीच," शैला म्हणाली. "फुलं सरली की छाटते. उन्हाळ्यात दोन्ही वेळा पाणी." सगळे माझेच शब्द. मग माझ्याकडे बघत तिने ती कुंडी उचलली. "न्या ना, काकू."

मी बोलले असते तर तिचं लग्न मोडलं असतं. मी बशा वाटल्या.

पाच कुंड्या परत आल्या. मोगऱ्याच्या जागी आमच्या फरशीवर गेरूचा गोल तेवढा उरला. मागितला असता तर मी दिलाही असता. पण मी गप्पच राहणार, हे तिला ठाऊक होतं. इतकं मला दुसरं कोणीच ओळखत नव्हतं.