भाताच्या कोठारातले टेकू

मी लिहावं एवढं मला कळत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, आणि सिव्हिलचं शेवटचं वर्ष अजून पुरं व्हायचंय. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण मामाबद्दल घरात कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितोय.

इगतपुरीजवळ एक जुनं भाताचं कोठार होतं. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती, वर सागवानी कैच्यांचं, म्हणजे लाकडी त्रिकोणी सांगाड्यांचं, कौलारू छप्पर. मालकांना तिथं हॉटेल करायचं होतं. मामा तिथला राखणदार. तो आणि मामी मागच्या खोलीत राहायचे. काम सुरू झालं तेव्हा डोक्याला लागतात म्हणून ठेकेदारानं दोन कैच्यांची खालची आडवी लाकडं कापून टाकली. त्या लाकडांनीच छपराला फाकू दिलं नव्हतं. ज्या इंजिनिअर सरांकडे मी शिकत होतो, त्यांनी कैच्यांखाली टेकू लावले आणि मालकांना बजावलं, कापलेल्या लाकडांच्या जागी लोखंडी सळया बसेपर्यंत हे हलवायचे नाहीत. सळया सातपूरला तयार होत होत्या.

मी मामाला म्हणालो, "तोवर आमच्याकडे नाशिकला चला. भिंत बाहेर झुकलीय."

"मी बी झुकलोय की! पडलो का?"

"पडाल तवा उचलायला मीच हाय," मामी आतून म्हणाली.

मामा हसला. "भाचेबुवा, राखणदारच पळाला तर राखायचं कुणी?"

श्रावणात मालकांनी सत्यनारायण घातला. टेकू दिलेल्या वास्तूत पूजा अशुभ, असं त्यांच्या घरातल्या थोरांचं म्हणणं पडलं. एका दिवसापुरते टेकू काढले. मामानं हे मला फोनवर सहज सांगितलं.

"मामा, तुम्ही आत जाऊ नका."

"मग पूजेला काय कौलांवर बसू?"

मी सरांना कळवलं. त्यांनी मालकांना फोन लावला; मालकांनी उचलला नाही. मी मिळेल त्या गाडीनं निघालो. वाटेत पाऊस वाढत गेला. घोटीजवळ मामीचा फोन आला. तिचा आवाज अगदी शांत होता.

"पूजा नीट झाली बाळा. सगळे जेवून गेले. कौलं गळाय लागली, सतरंज्या भिजतील म्हणून हे आत गेले. अन् भिंत सरकली, छप्पर बसलं. लोकांनी दगड काढले रे. पण तुझा मामा नाय राहिला."